ब्लाउजपीस उजेडात का बघायचा?

लग्नसराईत कुठल्याही मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर उभं राहिलं की एकच देखावा पुन्हा पुन्हा दिसतो. गिऱ्हाईक पिशवीतून साडी काढून घडीचा एक कोपरा उलगडतं. दुकानदार नजरेनेच अंदाज घेतो, मागे वळतो आणि टू बाय टू रुबियाचे पाच तागे काउंटरवर टाकतो. डाळिंबी, मरून, आमसुली, वाइन, चटणी. दोन बघताक्षणी बाद होतात, दोन ‘चालतील’वर थांबतात आणि एक अगदी बेमालूम बसतो. पैसे द्यायला पर्स उघडावी, तेवढ्यात दुकानदारच म्हणतो, ‘‘ताई, एकदा बाहेर उजेडात बघून घ्या.’’ साडी आणि ताग्याचं टोक घेऊन पायरीवर यावं, तर ट्यूबखाली बेमालूम बसलेला मरून आता विटकरी दिसतो आणि मघाशी बाद केलेल्यांपैकीच एक बरोबर वाटू लागतो.

यात कुणी कुणाला फसवत नाही. रंग हा कापडाचा स्वतःचा, कायमचा गुण आहे असं आपण धरून चालतो, आणि घोटाळा तिथेच होतो. कापड कोणत्या रंगाचं दिसेल हे त्याच्यावर पडणारा उजेड, त्याच्या शेजारचा रंग आणि त्याने व्यापलेली जागा मिळून ठरवतात. या तीन गोष्टी ध्यानात आल्या की ‘कशावर काय जातं’ याच्या याद्या पाठ कराव्या लागत नाहीत.

दिवा बदलला, जोडी फुटली

आधी उजेडाचं बघू. कापडावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग त्यातलं रंगद्रव्य शोषून घेतं आणि उरलेला परत फिरून आपल्या डोळ्यात शिरतो. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या असतात. परत आलेल्या प्रकाशात कितीही तरंगलांबींची सरमिसळ असली, तरी तिचा निवाडा या तिघींच्या प्रतिसादावरच होतो. त्यामुळे मुळात अगदी वेगळी असलेली दोन मिश्रणं एका दिव्याखाली डोळ्याला तंतोतंत सारखी दिसू शकतात. दिवा बदलला की दोन्ही कापडांवरून परत येणारा प्रकाश बदलतो, पण दोघांचा सारखाच बदलेल असं नाही. मग जोडी फुटते. रंगशास्त्रात याला मेटॅमेरिझम म्हणतात.

साडी-ब्लाउजच्या बाबतीत हे हमखास घडतं, कारण दोन्ही कापडांची जातच बहुधा वेगळी असते. रेशीम म्हणजे प्रथिन, सूत म्हणजे सेल्युलोज आणि पॉलिस्टर म्हणजे पेट्रोलियमपासून बनवलेला धागा. प्रत्येकाला धरणारं रंगद्रव्य निराळं. रेशमाला सहसा ॲसिड डाय चालतात, सुताला रिॲक्टिव्ह आणि पॉलिस्टरला डिस्पर्स. रेशमी साडीचा मरून आणि सुती रुबियाचा मरून अशा प्रकारे दोन वेगळ्या रसायनांतून तयार झालेला असतो. आपण ते एकमेकांशी जुळवतो तेव्हा फक्त त्या एका दिव्याखाली ते जुळतात.

त्यात दिवेही निरनिराळे. जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडात लाल-पिवळा भाग भरपूर आणि निळा कमी असायचा. ट्यूबच्या प्रकाशात काही मोजक्या तरंगलांबींचे उंच सुळके असतात आणि मधल्या जागा जवळजवळ रिकाम्या. आजच्या पांढऱ्या एलईडीत बहुतेक वेळा एक निळा दिवा असतो आणि त्याच्यावरचा पिवळसर लेप उरलेले रंग पुरवतो. स्वस्त एलईडीत गडद लाल भाग तुटपुंजा पडतो, म्हणून त्याखाली कुंकवासारखा लालही मलूल वाटतो. सूर्यप्रकाशात मात्र सगळ्या तरंगलांबी सलग असतात. तिथे दोन रंगद्रव्यांमधला फरक लपायला जागा कमी राहते.

कापड गिरण्यांना आणि निर्यातदारांना हे नीट ठाऊक आहे. त्यांच्याकडे राखाडी रंगाने आतून रंगवलेली एक पेटी असते, तिला लाइट बॉक्स म्हणतात. बटणं दाबून तिच्यात आळीपाळीने निरनिराळे दिवे लावता येतात. ‘डी ६५’ म्हणजे दिवसाचा उजेड, ‘टीएल ८४’ म्हणजे दुकानातली ट्यूब, ‘ए’ म्हणजे घरातला पिवळा बल्ब. मंजूर नमुना आणि नवा माल शेजारी ठेवून प्रत्येक दिव्याखाली तपासतात आणि मगच माल पुढे जातो. दुकानाची पायरी हा त्याच पेटीचा बिनखर्चाचा अवतार आहे. फक्त भर उन्हात न बघता सावलीतल्या उजेडात बघावं, कारण ऊन थेट पडलं की रेशमाची चमकच डोळ्यात भरते आणि रंग मागे पडतो. मोबाइलचा टॉर्च इथे उपयोगाचा नाही, तोही एलईडीच. आणि कपडे रात्रीच्या रिसेप्शनला घालायचे असतील, तर दुकानातल्या एखाद्या पिवळ्या दिव्याखालीही जोडी धरून बघायला हवी. दिवसा जुळलं म्हणून रात्री जुळेलच असं नाही.

पांढऱ्याची गंमत तर आणखी वेगळी. पांढऱ्या कापडाला आणि धुण्याच्या पावडरीत हल्ली ऑप्टिकल ब्राइटनर घातलेला असतो. तो उन्हातली न दिसणारी अतिनील किरणं शोषतो आणि त्यांच्या बदल्यात निळसर प्रकाश बाहेर टाकतो. नीळ पिवळटपणा झाकायची, हा उलट उजेडात भर घालतो. त्यामुळे असा सदरा उन्हात झगझगीत दिसतो, पण ज्या एलईडीत अतिनील किरणं जवळपास नसतात तिथे त्याची झळाळी ओसरते. ब्राइटनर नसलेला पायजमा मात्र दोन्हीकडे तेवढाच राहतो. पांढऱ्यावर पांढरं घालणं सर्वांत सोपं वाटतं आणि सर्वांत अवघड ठरतं ते यामुळे.

संध्याकाळच्या लॉनवरच्या लग्नात आणखी एक गोष्ट आड येते. उजेड कमी होत जातो तसं डोळ्यांचं काम शंकुपेशींकडून दंडपेशींकडे जातं. दंडपेशी निळ्या-हिरव्याला जास्त दाद देतात, लालला जवळजवळ नाहीच. मग दुपारी उठून दिसणारा गडद लाल शालू दिवेलागणीला काळपट पडतो आणि शेजारची मोरपंखी साडी उजळल्यासारखी दिसते. एकोणिसाव्या शतकात यान पुरकिन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे नोंदवलं, म्हणून या परिणामाला त्याचं नाव आहे.

शेजारी कोण आहे?

दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. तिचा पद्धतशीर अभ्यास झाला तो एका तक्रारीतून. पॅरिसमध्ये गोबलँ हा राजाश्रयाने चालणारा, भिंतीवरच्या विणलेल्या चित्रांचा प्रसिद्ध कारखाना होता. १८२४ साली मिशेल शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाची तिथल्या रंगखात्यावर नेमणूक झाली. निळ्या-जांभळ्या कापडातल्या सावल्यांसाठी वापरलेला काळा धागा निस्तेज दिसतो, अशी तक्रार होती. शेव्हरलने काळ्या लोकरीची परीक्षा केली, दुसरीकडच्या मालाशी ताडून पाहिली. रंगात खोट नव्हती. खोट काढत होता शेजारचा निळा.

प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्याला स्वतःपासून दूर, स्वतःच्या विरुद्ध टोकाकडे ढकलतो. निळ्याच्या शेजारी काळा ठेवला की त्याच्यावर पिवळट-नारिंगी झाक चढते, आणि पिवळट काळा म्हणजे विटलेला काळा. शेव्हरलने वर्षानुवर्षं प्रयोग करून १८३९ मध्ये यावर भलाथोरला ग्रंथ लिहिला. त्यात चित्रं, गालिचे, बागा यांच्याबरोबर कपड्यांचाही विचार आहे.

हे घरी करून बघता येतं. एकाच राखाडी कापडाचे दोन तळहाताएवढे तुकडे घ्या. एक लालभडक साडीवर ठेवा, दुसरा हिरव्यागार साडीवर. लालवरचा तुकडा हिरवट दिसेल, हिरव्यावरचा किंचित गुलाबी. आता तेच तुकडे एक काळ्यावर आणि एक पांढऱ्यावर ठेवा. काळ्यावरचा फिका वाटेल, पांढऱ्यावरचा गडद. तुकडे बदलले नाहीत, शेजार बदलला.

पोशाखात याचे परिणाम ठायी ठायी दिसतात. लाल आणि हिरवा एकत्र आले की दोघंही आहेत त्याहून भडक होतात, कारण प्रत्येक जण दुसऱ्याला त्याच्याच दिशेने ढकलतो. पिवळ्या साडीवर राखाडी ब्लाउज घातला तर त्याच्यावर जांभळट झाक येते. आणि सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट अशी, की एकाच रंगाची भडक आणि मवाळ रूपं शेजारी आली तर मवाळ रूप मार खातं. एरवी गोड दिसणारा अबोली ब्लाउज शेंदरी साडीखाली धुऊन धुऊन विटल्यासारखा दिसतो. दुकानात नुसता ताग्यावर तो छान होता, यात नवल नाही. तिथे त्याच्या शेजारी साडी नव्हती. म्हणूनच ‘रंग लक्षात आहे माझ्या’ म्हणून साडी न नेता ब्लाउजपीस आणायला जाऊ नये. दोन कापडं कडेला कड लावून ठेवली तर डोळा अगदी बारीक फरकही पकडतो, पण आठवणीतल्या रंगाशी तुलना करताना तोच डोळा अगदी भोंगळ होतो.

नाव एक, रंग वीस

तिसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे जागेकडे, वळण्याआधी थोडं रंगांच्या नावांबद्दल. नवरात्रात हिरव्या रंगाच्या दिवशी एखाद्या ऑफिसचा ग्रुप फोटो बघा. पोपटी कुर्ता, बाटली हिरवी साडी, मेंदी शर्ट, पिस्ता दुपट्टा, मोरपंखीकडे झुकलेला ड्रेस. सगळे नियमाप्रमाणे हिरव्यात, पण कुणाचं कुणाशी जुळेल याचा नेम नाही. हिरवा हे नाव एवढ्या मोठ्या प्रदेशाला दिलंय की नुसत्या नावावरून काहीच ठरत नाही.

अमेरिकन चित्रकार आणि शिक्षक अल्बर्ट मन्सेल याने १९०५ साली यावर एक सुटसुटीत तोडगा मांडला. कुठल्याही रंगाबद्दल तीन प्रश्न विचारायचे. रंग कोणता? तो किती गडद वा फिकट? आणि तो किती भडक वा मवाळ? पोपटी आणि शेवाळी दोघंही पिवळ्याकडे झुकलेले हिरवे, पण पोपटी फिकट आणि भडक, तर शेवाळी गडद आणि मवाळ. पिस्ता फिकट आणि मवाळ. आमसुली हा लालसर जांभळ्याचा गडद-मवाळ कोपरा, राणी रंग त्याच्या जवळपासचाच पण भडक.

कपडे जुळवताना आपण पहिल्याच प्रश्नात अडकतो. निळ्यावर काय जातं, जांभळ्यावर काय? रंगचक्राच्या आकृत्याही तेच शिकवतात. चक्रावर समोरासमोर येणारे रंग घ्या, म्हणजे जोडी खुलते. हा सल्ला इतका पसरलाय की तो सिद्ध झालेला असावा असं वाटतं. पण २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅरन श्लॉस आणि स्टीफन पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना रंगांच्या जोड्या दाखवून पसंती विचारली, तेव्हा चक्रावरच्या विरुद्ध रंगांना काही खास मान मिळाला नाही. उलट एकमेकांच्या जवळपासचे रंग लोकांना अधिक सुसंवादी वाटले. आणि जोडी आवडण्यात गडद-फिकटाच्या फरकाचाही मोठा वाटा निघाला.

म्हणजे दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याच्या बरोबरीने, कधी त्याहूनही जास्त महत्त्व द्यायला हवं. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. साडी, ब्लाउजपीस, हवं तर शालही एकत्र पसरून मोबाइलवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. रंगांची नावं पुसली जातात आणि नुसता गडद-फिकटपणा उरतो. दोन कापडं फोटोत एकमेकांत विरघळली, पण रंग म्हणून विरुद्ध असली, तर ती जोडी डोळ्यांना बोचेल. सारख्याच उजळपणाचे भडक लाल आणि भडक हिरवा शेजारी आले की त्यांची सीमारेषा थरथरल्यासारखी वाटते, ती यामुळेच. मेंदू कडा ओळखतो त्या मुख्यतः गडद-फिकटाच्या फरकावरून. तो फरकच नसेल तर कड सापडता सापडत नाही. यातला एक रंग दोन पायऱ्या गडद करा, बाटली हिरव्याला लाल काठ लावा, आणि तीच जोडी भारदस्त होते.

मागावरचा हिशेब

बाटली हिरव्याला लाल काठ हे काही नव्याने सांगायला नको. आपल्याकडच्या काठपदराच्या साड्यांनी हे हिशेब कधीच सोडवून ठेवलेत. ते कसे, हे जवळून बघण्यासारखं आहे.

कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावची इरकल घ्या. अंग बहुधा गडद, पदर मात्र लाल आणि त्यावर पांढरे पट्टे. अंग कोणत्याही रंगाचं असो, पदराची ही लाल-पांढरी जोडी फारशी बदलत नाही. ती जुळते, कारण अंग गडद आणि बेताचं भडक, पदर भडक पण जागेने थोडा, आणि पांढऱ्या पट्ट्यांनी लालला जागोजाग मोकळं केलेलं. चंद्रकळेत काळ्या अंगाला लाल काठ. तिथेही फरक उजळपणाचा, आणि भडकपणा फक्त काठापुरता.

जागेच्या वाटणीचा, म्हणजे आपल्या तिसऱ्या गोष्टीचा, हा विचार युरोपातल्या चित्रकलेच्या शाळांमध्येही झाला. जर्मन कवी गटेने प्रत्येक रंगाच्या तेजाला ढोबळ आकडे दिले होते. पिवळ्याला ९ आणि जांभळ्याला ३. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकवणाऱ्या योहानेस इटेनने ते पुढे वापरले आणि सांगितलं, की तोल साधायचा तर जागा उलट्या प्रमाणात द्यावी, म्हणजे तिप्पट जांभळ्यात एक हिस्सा पिवळा. ही काही फूटपट्टीने मोजलेली मापं नव्हेत. रंग पूर्ण भडक असतील तेव्हाचा तो अंदाज आहे. पण जांभळ्या साडीला पिवळसर जरीचा बोटभर-चार बोटं काठ का शोभतो आणि अर्धी पिवळी, अर्धी जांभळी साडी का अंगावर येते, याचं उत्तर त्यात सापडतं.

काठ आणि अंग यांना विणकर आणखी एका रीतीने एकत्र बांधतो. साध्या काठाच्या साडीत उभा धागा, म्हणजे ताणा, काठापाशी बदलतो, पण आडवा धागा, म्हणजे बाणा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तोच जातो. त्यामुळे अंगाचा रंग काठातही थोडा मिसळतो. हिरव्या अंगाच्या साडीचा लाल काठ भिंगातून पाहिला तर लाल उभ्या धाग्यांखालून हिरवा आडवा धागा डोकावताना दिसेल. लाल त्यामुळे थोडा मवाळ होतो आणि अंगाशी नातं सांगतो. पैठणीत मात्र काठासाठी वेगळा धोटा असतो. काठाचा आणि अंगाचा आडवा धागा सीमेवर एकमेकांत अडकून आपापल्या वाटेने परत फिरतात. तिथे रंग मिसळत नाहीत, म्हणून पैठणीचा काठ इतका स्वच्छ, कापल्यासारखा दिसतो. वेळ आणि मेहनत त्यात जास्त जाते, ती उगाच नाही.

पैठणीचीच दुसरी करामत म्हणजे धूपछांव. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. जांभळा आणि लाल, किंवा हिरवा आणि निळा. निरीवर उजेड जसा पडेल तसा कधी हा रंग वर येतो, कधी तो. अशा साडीला ब्लाउज शोधताना लोक साडीच्या ‘एकंदर’ रंगासारखा तागा धुंडाळत बसतात आणि थकतात, कारण तो एकंदर रंग कुठल्याच धाग्यात नसतो. सोपा मार्ग पदराच्या टोकाला असतो. तिथे दशा सोडलेल्या किंवा गोंडे बांधलेले असतील तर ते नुसत्या उभ्या धाग्यांचे असतात. ताण्याचा शुद्ध रंग तिथे सुटा बघायला मिळतो. आतल्या कडेला एखादा आडवा धागा सुईने वर उचलला की बाण्याचाही कळतो. या दोन्हींपैकी कुठल्याही रंगाचा ब्लाउज घ्या, तो साडीचाच असल्यासारखा वाटेल, कारण तो खरोखरच साडीत आहे.

छापील कुर्ता आणि सलवार, चौकड्याचा शर्ट आणि पँट, यांनाही हीच रीत लागू पडते. कापडात ज्या रंगाची जागा सर्वांत थोडी असेल, तो उचलून दुसऱ्या कपड्यात मोठा करायचा.

जुळवा, नाहीतर फारकत घ्या

पुरुषांच्या कपाटात सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे गडद निळी पँट आणि काळा कोट. दोन्ही चांगले कपडे, पण एकत्र घातले की बघणाऱ्याला वाटतं, सकाळी अंधारात तयार झाले असावेत. १९४४ मध्ये पॅरी मून आणि डोमिना स्पेन्सर या अमेरिकन संशोधकांनी अशा जोड्यांसाठी एक विचार मांडला. दोन रंग एकच असतील तर बरे वाटतात, स्पष्टपणे जवळचे असतील तर बरे वाटतात आणि स्पष्टपणे वेगळे असतील तरी बरे वाटतात. त्रास होतो तो मधल्या संदिग्ध पट्ट्यात, जिथे ते सारखे आहेत की वेगळे, हेच नजरेला ठरवता येत नाही. त्यांनी यावर बसवलेली सूत्रं पुढच्या प्रयोगांत फारशी टिकली नाहीत. पण कपाटापुढे उभं राहताना ही संदिग्धतेची कल्पना अजूनही उपयोगी पडते. काळ्या कोटाखाली राखाडी पँट चालते, बेज चालते, काळी चालते. काळसर निळी खटकते.

‘सेम टू सेम’चा हट्ट का महागात पडतो, तेही यावरून कळतं. सारखं करायला जाऊन नव्वद टक्के जमलं, तर आपण नेमके त्या संदिग्ध पट्ट्यात जाऊन पडतो. शिवाय आज जुळलेलं उद्या जुळेल याची खात्री नसते. काळा रंग धुता धुता कुणाचा तांबूस होतो, कुणाचा हिरवट, कुणाचा निळसर, आणि दोन गिरण्यांचे काळे एकाच वाटेने विटत नाहीत. शेव्हरलने सैनिकांच्या गणवेषाबद्दल लिहिताना हे हेरलं होतं. एकाच रंगाच्या गणवेषात अंगरखा जुना आणि विजार नवी असली की फरक लगेच उघडा पडतो. दोन वेगळ्या रंगांचा गणवेष मात्र झिजला तरी बराच काळ नीटनेटका दिसतो, कारण तुलना करायला तोच रंग शेजारी नसतो. कॉन्ट्रास्ट ब्लाउजच्या बाजूने याहून चांगला युक्तिवाद सापडणं कठीण आहे. आणि कॉन्ट्रास्ट नको, सेटच हवा असेल, तर कुर्ता मळला म्हणून एकटा न धुता सलवार-ओढणीही बरोबरच धुवावी. विटतील ते तिघं मिळून विटतील.

पूर्ण जुळणी लोकांना तशीही फारशी भावत नाही, असं दिसतं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कर्ट ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या रंगांत जुळवलेले संपूर्ण पोशाख लोकांना दाखवले आणि कोणते जास्त फॅशनेबल वाटतात ते विचारलं. सगळं एकाच रंगाचं असलेले पोशाख मागे पडले, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसलेलेही मागे पडले. मधल्या, बेताने जुळणाऱ्या पोशाखांनी बाजी मारली. साडी, ब्लाउज, बांगड्या, पर्स, टिकली, चपला सगळं एका रंगात आणण्यासाठी बाजार पालथा घालणाऱ्यांनी निम्म्यावर थांबायला हरकत नाही.

‘तुला हा रंग खुलत नाही’

शेवटचा शेजारी म्हणजे आपली त्वचा. आणि इथे शास्त्रापेक्षा पूर्वग्रह जास्त बोलतो. सावळ्या मुलीला पिवळा नको, राणी नको, फिकंच घे, असे सल्ले घराघरात दिले जातात. १९८० मध्ये कॅरोल जॅक्सन यांच्या ‘कलर मी ब्यूटिफुल’ या पुस्तकाने माणसांची चार ऋतूंत वाटणी करून प्रत्येकाला ठरलेले रंग नेमून दिले, आणि तशा सल्लागारांचा जगभर धंदा उभा राहिला. ही वाटणी गोऱ्या लोकांच्या केसांच्या, डोळ्यांच्या आणि त्वचेच्या छटांवरून बेतलेली. काळे केस आणि काळे डोळे असलेल्या बहुतांश माणसांची रवानगी तिने एकाच ऋतूत, हिवाळ्यात, करून टाकली. आपल्याकडे हा हिशेब किती कामाचा, ते यावरूनच समजावं.

माणसांच्या त्वचेचे रंग मन्सेलच्या पद्धतीने बघितले तर सगळे तांबूस-पिवळ्या अशा एका चिंचोळ्या पट्ट्यात येतात. गोरा, गहूवर्णी, सावळा, काळा यांच्यातला खरा फरक आहे तो मुख्यतः गडद-फिकटपणाचा. आणि फिकट त्वचेला गडद कापडाने जो उठाव मिळतो, तोच गडद त्वचेला उजळ आणि भडक कापडाने मिळतो. हळदी पिवळा, राणी, शेंदरी, झळझळीत पांढरा हे रंग सावळ्या अंगावर सर्वांत जोरकस दिसतात. फिक्या, धुरकट रंगांत मात्र कापड आणि त्वचा त्याच संदिग्ध पट्ट्यात जाऊन बसतात आणि दोघंही मलूल होतात. ‘फिकं घे’ हा सल्ला म्हणजे नेमकं उलटं औषध आहे.

‘खुलत नाही’ असं म्हणणाऱ्यांना खरं तर मुलीचा रंग लपवायचा असतो. कापडाच्या दुकानात त्यांचं ऐकण्याऐवजी पोलकं, ओढणी किंवा शर्ट हनुवटीखाली धरून आरशात, उजेडात बघावं. रंगाची नावं विसरून फक्त एवढंच विचारावं, की आधी काय दिसतं? नुसतं कापडच डोळ्यात भरत असेल तर एक पायरी मवाळ घ्या. कापड आणि चेहरा एकमेकांत विरत असतील तर गडद-फिकटाचा फरक वाढवा. आणि चेहरा आधी दिसत असेल, तर आजूबाजूचे काहीही म्हणोत, तोच तागा कापायला सांगा.